वयोगट बदलल्यावर मागे पडलेली मुलगी: पहिल्या गटातले पहिले वर्ष कसे हाताळावे?

ठाणेकर आई

नमस्कार. माझी मुलगी बटरफ्लाय पोहते. तिचा जन्म डिसेंबर 2011 मधला आहे. गेल्या वर्षी ती 12 ते 14 वर्षांच्या दुसऱ्या गटाच्या शेवटच्या वर्षात होती आणि राज्य स्पर्धेत 100 मीटर बटरफ्लायमध्ये तिला पदक मिळाले होते. या 1 जानेवारीपासून ती 15 ते 17 वर्षांच्या पहिल्या गटात गेली. आपल्याकडे 31 डिसेंबरला पूर्ण होणारे वय धरले जात असल्यामुळे या संपूर्ण वर्षात ती कागदोपत्री पंधरा वर्षांची आहे. प्रत्यक्षात तिला चौदा पूर्ण होऊन जेमतेम काही आठवडे झाले आहेत. शेजारच्या लेनमध्ये जानेवारी 2009 ची, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी मोठी मुलगीही असू शकते.

नुकत्याच झालेल्या एका आंतरक्लब स्पर्धेत ती हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतच बाहेर पडली. वेळ गेल्या वर्षीइतकीच होती, 1 मिनिट 11 सेकंद. पहिले 50 मीटर 32 सेकंदांत झाले आणि दुसऱ्या 50 ला 39 सेकंद लागले. ज्या वेळेला गेल्या वर्षी पदक मिळाले, त्याच वेळेला या वर्षी अंतिम फेरीसुद्धा मिळाली नाही, ही गोष्ट तिच्या मनाला फार लागली आहे. जूनपासून ती दहावीत जाईल आणि आता ती म्हणू लागली आहे की दहावीचे निमित्त करून पोहणे थांबवलेलेच बरे.

गेल्या काही महिन्यांत तिची उंची झपाट्याने वाढली आहे. पोहताना हात जड वाटतात, अशी तिची तक्रार असते. सकाळच्या सरावाबरोबर आता संध्याकाळचाही सराव आणि जिम सुरू करावे, असे तिच्या सरांचे मत आहे. काही पालक क्लब बदलण्याचा सल्ला देतात. सराव वाढवणे या वयात योग्य आहे का, आणि मुलीशी नेमके काय बोलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

तलावकाठ

ताई, मी पुण्यात मुलांना शिकवतो. दर वर्षी जानेवारी उजाडला की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी पालक येतातच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी तुम्ही दिलेल्या स्प्लिटबद्दल, म्हणजे प्रत्येक 50 मीटरच्या वेगवेगळ्या वेळांबद्दल, कारण त्यात बरेच काही दडलेले आहे. 32 आणि 39 म्हणजे सात सेकंदांची घट. दुसरे 50 मीटर नेहमीच मागे पडतात, कारण पहिल्या 50 ला ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून घेतलेल्या उडीचा फायदा असतो. पण जगातल्या अव्वल महिलांमध्ये हा फरक साधारण तीन ते चार सेकंदांचा असतो आणि चौदा वर्षांच्या मुलीत तो चार-साडेचारच्या पुढे जाऊ नये, अशी माझी अपेक्षा असते. सात सेकंद पडले याचा अर्थ, बाजूच्या लेनमधल्या मोठ्या मुली सुटल्या तशी तीही त्यांच्या वेगाने सुटली आणि शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये तिच्यात काही उरले नाही. त्या टप्प्यात काय होते ते तुम्ही काठावरून पाहू शकाल: कंबर खाली बसते, श्वास घेताना हनुवटी गरजेपेक्षा वर येते, दुसरी किक विरून जाते आणि हात पाण्याबाहेर काढण्याऐवजी ओढून काढावे लागतात. हीच शर्यत तिने 33.5 आणि 37 अशी वाटून पोहली असती, तर त्याच ताकदीत अर्धा सेकंद वाचला असता. गट बदलल्यावर मुलांच्या हातून होणारी सर्वांत सामान्य गोष्ट हीच आहे, ती म्हणजे दुसऱ्याची शर्यत पोहणे.

दुसरे म्हणजे गेल्या वर्षीच्या पदकाकडे नीट पाहायला हवे. ती दुसऱ्या गटात वरच्या वर्षात होती; 2012 आणि 2013 च्या मुलींपेक्षा मोठी असण्याचा लाभ तिला होताच. पण 2011 च्या मुलींमध्ये ती जवळजवळ सर्वांत धाकटी होती आणि तरीही पदक आले, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. आता चक्र उलटले आहे. 2028 मध्ये ती याच गटात वरच्या वर्षात असेल आणि तेव्हा खालून आलेली एखादी मुलगी तिच्याकडे दडपून पाहत असेल. हा गट तीन वर्षांचा आहे आणि त्याकडे तीन वर्षांच्या हिशेबानेच पाहिले पाहिजे.

आता उंचीबद्दल. मुलींची उंची सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण ही केवळ सरासरी आहे आणि निरोगी मुलामुलींमध्येही दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. तुमच्या मुलीची झपाट्याची वाढ चौदाव्या वर्षी चालू असेल, तर ती उशिरा वयात येणाऱ्यांपैकी आहे आणि गेल्या वर्षी तिने ज्या मुलींना हरवले, त्यांतल्या काही जणी शरीराने तिच्या पुढे होत्या. हाडे आधी लांबतात आणि स्नायूंची ताकद काही महिन्यांनी त्यांना गाठते, त्यामुळे या मधल्या काळात हात जड वाटणे स्वाभाविक आहे. बटरफ्लायमध्ये हातांच्या एका आवर्तनाला दोन किक असतात. हात लांबले की ते आवर्तन पूर्ण व्हायला किंचित जास्त वेळ लागतो आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेला किकचा ताल चुकतो. तो ताल नव्याने बसवावा लागतो. त्यासाठी कमी अंतराचे, सावकाश आणि नीट पोहलेले सेट (सरावातल्या ठरावीक फेऱ्या) लागतात, थकलेल्या अंगाने मारलेले किलोमीटर उपयोगी पडत नाहीत.

म्हणून संध्याकाळच्या सरावाबाबत माझे मत असे आहे की उंची वाढत असेपर्यंत पाण्यातले एकूण अंतर एकदम वाढवू नये आणि हँड पॅडल (सरावात तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) तर या काळात पूर्णपणे बाजूला ठेवावेत. लांब झालेला हात आणि अजून कच्चा असलेला खांदा यांवर पॅडलचा भार टाकला की खांद्याचे दुखणे मागे लागते आणि ते सहजासहजी जात नाही. जिमऐवजी तलावाच्या काठावरच रबर बँडचे खांद्याचे व्यायाम, प्लँक, स्वतःच्या वजनाचे स्क्वॉट आणि उड्या एवढे पुरते. सरांना हे सांगताना विरोधाचा सूर लावू नका. उंचीची नोंद दर महिन्याला करून त्यांच्याकडे द्या. अशी नोंद बहुतेक प्रशिक्षकांच्या हाती कधीच येत नाही आणि ती मिळाली तर कोणताही समंजस प्रशिक्षक सरावाचा आराखडा बदलेल.

एक विचारायचे राहिले. गेल्या वर्षीची आणि या वर्षीची वेळ एकाच लांबीच्या तलावातली आहे का? 100 मीटरला 25 मीटरच्या तलावात तीन टर्न (भिंतीपाशी घेतलेली वळणे) येतात आणि 50 मीटरच्या तलावात एकच. दर टर्नला भिंतीची ढकल मिळते आणि पाण्याखालच्या डॉल्फिन किकसाठी (दोन्ही पाय जोडून मारलेली किक) 15 मीटरपर्यंत मुभा असते, त्यामुळे या दोन तलावांतल्या वेळांची थेट तुलना होत नाही.

विदर्भवासी

तलावकाठ यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. माझा मुलगा पहिल्या गटातून आता बाहेर पडत आहे. मुलांना सांभाळून घेण्याच्या नादात आपण त्यांना स्पर्धेपासूनच दूर ठेवतो की काय, अशी शंका मला अनेकदा येते. धिनिधी देसिंघू 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 200 मीटर फ्रीस्टाईल पोहली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंगला गेला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. मोठ्यांच्या लेनमध्ये पोहल्याशिवाय हे घडत नाही.

माझ्या मुलाच्या बाबतीत पहिल्या गटातले पहिले वर्ष अत्यंत कठीण गेले. दुसऱ्या गटात जो मुलगा सर्वांत लवकर वाढला होता आणि निव्वळ ताकदीवर जिंकत होता, तो पहिल्या गटात येताच मागे पडला, कारण इतरांची उंची त्याच्याइतकी झाली आणि त्याच्याकडे टर्न नव्हता, स्टार्ट नव्हता. माझा मुलगा तेव्हा लहानखुरा होता. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला आठवड्यातून दोन दिवस मोठ्या मुलांच्या लेनमध्ये शेवटच्या क्रमांकावर पोहायला लावले. त्याला ते आवडत नव्हते, पण मोठ्या मुलांचा वेग पाण्यात जवळून अनुभवल्यामुळे स्पर्धेतली भीती गेली. त्यामुळे माझ्या मते क्लब बदलू नका, पण तिला तिच्यापेक्षा वेगवान मुलींबरोबर सराव मिळतो आहे का, हे अवश्य पाहा. मिळत नसेल, तर सरांशी त्याबद्दल बोला.

पूर्वाश्रमीची जलतरणपटू

ठाणेकर ताई, मी महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा पोहले आहे आणि आता दोन मुलींची आई आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले. दोन्हींत तथ्य आहे, पण मुलींच्या बाबतीत या वयात जे सर्वांत महत्त्वाचे असते, त्याचा उल्लेख कोणीच केलेला नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

वयोगट बदलतो त्याच सुमारास मुलीचे शरीरही बदलते. मासिक पाळी सुरू होते, कंबर आणि मांड्या भरतात, पाण्यातला तोल बदलतो आणि कालपर्यंत सहज येणारी वेळ वर्षभर जागची हलत नाही. मुलाला वाढत्या वयाबरोबर जवळजवळ फुकटात वेग मिळत जातो. मुलीला या वळणावर आहे ती वेळ टिकवण्यासाठीही काम करावे लागते. हे कोणी आधी सांगितलेले नसते, त्यामुळे मुलगी सगळा दोष स्वतःच्या कष्टांना देते. त्यातच तलावावर कोणीतरी वजनावरून बोलते. बोलणाऱ्याला ते प्रोत्साहन वाटते. मुलगी मात्र त्या दिवसापासून जेवण कमी करते आणि पोहण्याच्या पोशाखात लोकांसमोर उभे राहणे टाळू लागते. माझ्या बरोबरीच्या अनेक चांगल्या मुलींनी याच वयात पोहणे सोडले आणि घरच्यांना कारण अभ्यासाचे सांगितले. म्हणून दहावीचे निमित्त हे तुमचे शब्द वाचताच मला थांबावेसे वाटले. तिला खरोखर अभ्यासाचीच काळजी आहे का, हे शांतपणे, तलावापासून दूर, एखाद्या सुट्टीच्या दिवशी विचारा.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. शर्यतीच्या उत्तरार्धात दम संपणे आणि हात जड होणे या तक्रारींमागे लोहाची कमतरता असू शकते, आणि ती असेल तर कोणताही सेट तिला बरे करणार नाही. दुसरे म्हणजे, पाळी सुरू होऊन काही काळाने सलग तीन-चार महिने येत नसेल, तर जास्त सराव करणाऱ्यांचे असे होतेच, असे म्हणून सोडून देऊ नका. सरावाच्या मानाने खाणे अपुरे पडत असल्याची ती खूण असते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो. पहाटे साडेपाचच्या सरावाला रिकाम्या पोटी जाणाऱ्या कितीतरी मुली मी पाहते. निघण्याआधी केळे किंवा दोन खजूर, आणि पाण्याबाहेर आल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोळी-भाजी, अंडे किंवा दूध-पोहे, एवढी शिस्त लावली तरी फरक पडतो.

विदर्भवासी यांनी धिनिधीचे उदाहरण दिले आहे. ते प्रेरणादायी आहेच, पण बटरफ्लाय पोहणाऱ्या मुलीला मी स्वीडनच्या सारा स्योस्त्रोमबद्दल सांगेन. तिने 2008 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, 100 मीटर बटरफ्लायचे युरोपीय सुवर्ण जिंकले. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याच शर्यतीत ती चौथी आली आणि पदकाविना परतली. 2016 मध्ये रिओला तिने त्या शर्यतीत सुवर्ण मिळवले आणि 2024 मध्ये पॅरिसला, तिशीत, 50 आणि 100 मीटर फ्रीस्टाईलची दोन सुवर्णपदके जिंकली. चौदाव्या आणि तिसाव्या वर्षांच्या मध्ये किती चढउतार असू शकतात, हे मुलीला अशा उदाहरणातून कळते.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी मुलगी इथल्या क्लबात पोहते. इथली पद्धत वेगळी आहे, म्हणून तुलनेसाठी लिहितो. अमेरिकेत स्पर्धेच्या पहिल्या दिवशी जे वय असेल, त्यावर गट ठरतो. त्यामुळे वाढदिवस हंगामाच्या मध्ये आला की मूल एका आठवड्यात गटातले सर्वांत मोठे असते आणि पुढच्या आठवड्यात सर्वांत लहान. गटही दोन-दोन वर्षांचे असतात, 11-12 आणि 13-14, त्यामुळे हा धक्का अधिक वेळा बसतो. जिचा वाढदिवस मोठ्या स्पर्धेच्या चार दिवस आधी येतो, तिची निराशा मी जवळून पाहिली आहे.

आम्हाला सर्वांत जड गेला तो बदल बाराव्यानंतरचा होता. 13-14 च्या गटात बहुतेक ठिकाणी बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकच्या 50 च्या शर्यती बंद होतात आणि 200 सुरू होतात. जी मुले 50 वर जिंकत आलेली असतात, त्यांच्या हातातून त्यांची शर्यतच जाते. इथल्या प्रशिक्षकांनी गट बदलण्याच्या वर्षभर आधीपासून मुलीला 200 मीटरच्या शर्यतींत उतरवले होते. तिथे तिला हरण्याचे दुःख नव्हते, कारण जिंकण्याची अपेक्षाच नव्हती, आणि गट बदलला तेव्हा तिच्याकडे गाठण्यासारखी नवी वेळ होती. तुमच्या मुलीने 200 बटरफ्लाय किंवा 200 वैयक्तिक मिडले (चारही प्रकार एकाच शर्यतीत) कधी गंभीरपणे पोहले आहे का? तिथे तिची जुनी वेळच नसेल, तर प्रत्येक स्पर्धेत तिची वेळ सुधारलेली दिसेल. या वर्षी तिला त्याची फार गरज आहे.

ठाणेकर आई

सर्वांचे मनापासून आभार. तलावकाठ सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देते. राज्य स्पर्धेतली वेळ 50 मीटरच्या तलावातली होती आणि परवाची स्पर्धा 25 मीटरच्या तलावात झाली. म्हणजे तीन टर्न मिळूनही वेळ तेवढीच आली. तुमच्या म्हणण्यानुसार ती प्रत्यक्षात मागेच गेली असावी. हे तिला सांगावे का?

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल तिच्याशी बोलले. अभ्यासाचा प्रश्न नाहीच. शालेय स्पर्धांमध्येही ती याच वर्षी 17 वर्षांखालील गटात गेल्यामुळे दोन्हीकडे आपणच सर्वांत मागे आहोत, असे तिच्या मनाने घेतले आहे. रक्ततपासणी या आठवड्यात करून घेते. 200 बटरफ्लाय ती फक्त सरावात पोहली आहे, स्पर्धेत कधीच नाही.

तलावकाठ

ताई, हो, सांगा. पण आज नको आणि स्पर्धेच्या तोंडावर तर मुळीच नको. हे गणित हुशार मुले स्वतःहून करतातच, आणि तिने ते केलेही असेल. तपासणीचा अहवाल हातात आला की दोन्ही गोष्टी एकत्र समोर ठेवून बोला, म्हणजे मागे जाण्याला कारण असते आणि त्यावर उपाय असतो, हे तिला दिसेल. वाढीच्या काळात तीन-चार महिने वेळ मागे जाणे मी अनेकदा पाहिले आहे. सहा महिन्यांनंतरही ती हलली नाही, तर मात्र स्ट्रोकचे पाण्याखालून चित्रीकरण करून बारकाईने पाहावे लागेल.

एडिसनकर यांची 200 ची सूचना मला पटली. उन्हाळ्यातल्या स्पर्धांमध्ये तिला 200 बटरफ्लायमध्ये उतरवा आणि एकच गोष्ट मागा: चारही 50 च्या वेळांमध्ये, पहिला सोडून, दोन सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. क्रमांक विचारू नका. ही शर्यत नीट पोहायला शिकलेल्या मुलीचे 100 मीटरमधले शेवटचे 25 मीटर कोसळत नाहीत. विदर्भवासींचा आग्रहही रास्त आहे. मोठ्या मुलींची लेन तिला आठवड्यातून एकदा द्यावी, पण किकच्या सेटसाठी. किकमध्ये उंचीचा फरक सर्वांत कमी जाणवतो आणि तिथे ती त्यांच्याबरोबर राहू शकेल.

दहावीच्या वर्षासाठी आतापासूनच सरांबरोबर वेळापत्रक ठरवा. जून ते नोव्हेंबर आठवड्यातून पाच सकाळी, डिसेंबरपासून तीन आणि परीक्षेच्या महिन्यात दोन वेळा केवळ अंग मोकळे करण्यापुरते पोहणे, असे माझ्याकडची मुले करतात. पूर्ण थांबणाऱ्यांना परत लय सापडायला परीक्षेनंतरचा सगळा उन्हाळा जातो आणि त्या उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाची निवड होते. तिच्या स्प्लिट आणि उंचीच्या नोंदी इथे टाकत राहा, मी पाहीन.